'पश्चिमेची यात्रा' : अद्भुतकथा आणि तिच्यामागील इतिहास

कोणत्याही देशाच्या अद्भुत साहित्याकडे इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने पाहताना आम्हाला एक प्रश्न नेहमी पडतो. कल्पनेच्या मुळाशी घडलेली घटना कोणती, आणि कल्पनेने त्या घटनेतील काय राखले व काय पुसून टाकले? या प्रश्नाच्या अभ्यासासाठी चिनी भाषेतील 'शी यू जी' म्हणजे 'पश्चिमेची यात्रा' या कादंबरीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. कारण तिचा नायक बौद्ध भिक्खू आहे आणि तिची 'पश्चिम दिशा' म्हणजे आपला भारत देश आहे.

शंभर प्रकरणांची ही कादंबरी 1592 साली नानजिंग येथे छापली गेली. परंपरेने तिचे कर्तृत्व वू छंग-अन या लेखकाकडे दिले जाते. तांग सम्राटाचा मानलेला भाऊ असलेला एक भिक्खू धर्मग्रंथ आणण्यासाठी निघतो. सम्राट त्याला परवाना आणि सुवर्णपात्र देऊन निरोप देतो. आकाशात उड्डाण करणारे वानर, एक वराह आणि एक जलराक्षस हे त्याचे शिष्य होतात. एक्याऐंशी संकटांतून हे शिष्य त्याला पार नेतात. स्वतः भिक्खू मात्र भित्रा, वारंवार रडणारा असा रंगविला आहे.

आता इतिहास पाहू. भिक्खू ह्युएन त्संग यांनी इ. स. 629 मध्ये (काही अभ्यासकांच्या मते 627 मध्ये) चीन सोडला, तेव्हा सीमेबाहेर जाण्यास राजाज्ञेने बंदी होती. त्यांनी परवानगी मागितली, ती मिळाली नाही, आणि ते गुप्तपणे निघाले. त्यांना अडविण्याचा हुकूम सरहद्दीवर पोहोचला होता. परंतु तेथील एका श्रद्धावान अधिकाऱ्याने तो त्यांच्यासमोरच फाडून टाकला, असे त्यांच्या शिष्याने लिहिलेले चरित्र सांगते. वाळवंटात पाण्याची पखाल सांडली. चार रात्री आणि पाच दिवस पाण्यावाचून काढूनही ते मागे फिरले नाहीत. नालंदा येथे आचार्य शीलभद्रांच्या चरणांशी बसून त्यांनी अध्ययन केले. परतताना खोतानहून सम्राटाला पत्र पाठवून आपण परवानगीवाचून गेलो होतो हे त्यांनी कबूल केले, आणि 645 मध्ये 657 ग्रंथ घेऊन ते राजधानीत पोहोचले. पुढे 664 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते भाषांतर करीत राहिले.

दोन्ही वृत्तांत शेजारी ठेवले म्हणजे कल्पनेने काय पुसले ते स्पष्ट दिसते. ज्ञानासाठी राजाज्ञा मोडणारा भिक्खू कथेत राजाचा दूत झाला. मानवी वीर्य आणि निश्चय यांनी जे साध्य केले, त्याचे श्रेय चमत्काराला गेले. पूज्य बाबासाहेबांनी चमत्काराचा आश्रय न घेता तथागतांचे चरित्र मांडले, त्यामागील दृष्टी येथे ध्यानी येते. चमत्कार महापुरुषाला मोठे करीत नाही. त्याचे कष्ट तो झाकून टाकतो.

तरीही ही कादंबरी टाकाऊ आहे असे आम्ही म्हणणार नाही. चंचल चित्ताला वानराची उपमा देण्याची रीत बौद्ध साहित्यात फार जुनी आहे. सुन वू-खोंग या वानराच्या नावातील 'वू-खोंग' म्हणजे शून्यतेचा बोध झालेला. अखेरीस या यात्रेकरूंना भेट न दिल्याबद्दल कोरे ग्रंथ दिले जातात, आणि खरे ग्रंथ मिळविण्यासाठी सम्राटाचे पात्र द्यावे लागते. धर्माच्या दारातील लाचखोरीवर इतका बोचरा प्रहार थोड्याच ग्रंथांत असेल. या वानराचे मूळ हनुमानात शोधणारे हू श्र हे पंडित कोलंबिया विद्यापीठात प्रा. जॉन ड्युई यांचे विद्यार्थी होते. बाबासाहेबही तेथे ड्युई यांच्याकडे शिकले. लू शुन यांना मात्र हू श्र यांचे मत मान्य नव्हते. त्यांनी ते मूळ चिनी दंतकथेत पाहिले.

परंतु आमच्या दृष्टीने खरा मुद्दा पुढेच आहे. चीनमध्ये अद्भुतकथा वाढली, तरी तिच्या शेजारी ह्युएन त्संग यांचे प्रवासवर्णन आणि चरित्र टिकून राहिले. म्हणून कथा कोठे संपते आणि इतिहास कोठे सुरू होतो हे सांगता येते. भारतात तसे घडले नाही. नाशिकच्या डोंगरातील भिक्खूसंघाला दान दिलेली लेणी लोकांच्या तोंडी 'पांडवलेणी' झाली. तेथील सातवाहन व क्षत्रप राजांचे शिलालेख वाचले गेले, तेव्हाच त्रिरश्मी लेण्यांचा खरा वारसा उजेडात आला. बडगावचे ढिगारे म्हणजे नालंदा, हे कनिंगहॅम यांनी 1861-62 च्या सुमारास ठरविले, ते चिनी यात्रेकरूंच्या वर्णनांच्या आधारे. महाराष्ट्रात शंभरावर विहार आणि सुमारे पाच हजार भिक्खू होते, ही पुलकेशीच्या काळातील नोंद ह्युएन त्संग यांचीच. त्यांनी वर्णिलेला, अर्हत अचल यांनी उभारलेला डोंगरातील विहार म्हणजे अजिंठा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेथील सव्विसाव्या लेण्याच्या शिलालेखातही स्थविर अचलाचे नाव आहे.

ह्युएन त्संग यांच्या वर्णनातही चमत्कार आहेत. तेही पारखूनच घ्यावे लागतात. पण पारखायला लेख तरी हवा. ज्या समाजाची नोंद राहत नाही, त्याचा इतिहास इतरांच्या कथेत विरून जातो. म्हणून आपल्या विहारांचा, आपल्या वस्त्यांचा आणि आपल्या आंदोलनांचा वृत्तांत वेळीच व साधार लिहून ठेवणे हे धम्मकार्यच आहे, असे आम्ही मानतो.