जलालपूरची मनकर्णिका आणि आमची बैठक

कोणी भाकऱ्या उरकून बसल्या असाल, कोणी मेथी निवडता निवडता ऐकत असाल. हात चालू राहू द्या, कान इकडे द्या. आज बचत, व्याज, हप्ता यातलं काही सांगणार नाही. एका पुस्तकाविषयी बोलायचं आहे, आणि त्यावरून आमच्या गटांमध्ये जी वादावादी झाली तिच्याविषयी.

गेल्या पावसाळ्यापासून आम्ही सहयोगिनींनी एक रीत पाडली. मासिक बैठकीत बचत जमा झाली, हप्ते आले, इतिवृत्तावर सह्या-अंगठे झाले, की अर्धा तास पुस्तक. जिला भरभर वाचता येतं तिनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पहिल्या दोन बैठकांना निम्म्या बाया उठून गेल्या. द्राक्षाच्या विरळणीवरून आलेल्या बाईचे डोळे मिटणारच, आम्ही कोणाला बोल लावला नाही.

सुरुवात केली हरि नारायण आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो!' या कादंबरीपासून. १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकात ती थोडी थोडी करून छापून यायची. पुण्याच्या यमू नावाच्या मुलीची गोष्ट, तिच्याच तोंडून सांगितलेली. लहानपणी लग्न, सासुरवास, नवरा चांगला मिळाला तर तो मरतो, मग केशवपन. पुरुषानं लिहिलेलं असून बाईच्या पोटातलं इतकं कसं कळलं, याचं सगळ्यांना नवल. डोळे पुसले गेले. पण एका सूनबाईनं वेगळाच मुद्दा काढला. ती म्हणाली, "यमूचं दुःख खरं आहे ताई, पण सगळं माजघरातलं. आमच्या पणजीला जाच पण होता आणि निंदणी पण होती. मार खाऊन दुसऱ्या दिवशी विळा घेऊन रानात जावंच लागायचं. तिची गोष्ट कोणी लिहिली?"

आम्हाला उत्तर सुचलं नाही. खरंच आहे, आपल्या पणज्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी जे सांगितलं ते जात्यावर सांगितलं. हेमा रैरकर आणि गी पॉइट्वँ यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आहेत. सासरचा ताप, माहेरची वाट, मुलीचा जन्म, भाऊ न्यायला आला नाही याचा सल, सगळं त्यात आहे. कादंबरी वाचायला अक्षर लागतं, ओवीला फक्त पहाट लागायची. आता पिठाची गिरणी आली, दळणाचा त्रास गेला, ते चांगलंच झालं. पण एकटीनं बोलायची ती जागाही गेली.

तर पुढचं पुस्तक गावाकडचं आणि खरं घडलेलं हवं, असं ठरलं. मग सापडली लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. ही कादंबरी नव्हे, बाईनं स्वतःचं सांगितलेलं आयुष्य आहे. पण वाचताना कादंबरीसारखं पुढे ओढत नेतं. आणि मुख्य म्हणजे बाई आपल्या नाशिकच्या. गोदाकाठच्या जलालपूरला १८६८ साली जन्मल्या. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. आमच्यातल्या एकीचं माहेर त्याच बाजूला आहे. ती म्हणाली, "आम्ही त्या रस्त्यानं इतक्यांदा गेलो, एवढी मोठी बाई इथली आहे हे कोणी सांगितलं नाही."

आधीच सांगून टाकतो, लक्ष्मीबाईही ब्राह्मणाच्या घरच्या. त्यांनाही रानात निंदायला जावं लागलं नाही. सूनबाईचा मुद्दा तसा उभाच राहतो. पण गरिबी, भूक, परक्याच्या दारात राहणं, हे त्यांनी पुरेपूर पाहिलं.

त्यांच्या घरावर १८५७ च्या बंडाची सावली होती. आईचे वडील त्या बंडात फासावर गेले. त्याचा धसका म्हणा, काही म्हणा, मनकर्णिकेच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. हे वाचलं तेव्हा बैठकीत खसखस पिकली. मग एक आजी म्हणाल्या, "हसता काय? पाणी भरणारी कोण होती? त्याची बायकोच ना." हसू तिथंच थांबलं. पुरुषाला वेड लागलं तर घर त्याच्या वेडाप्रमाणे चालतं. बाईला लागलं तर तिला देवऋषाकडे नेतात.

अकराव्या वर्षी मनकर्णिकेचं लग्न झालं. नवरा नारायण वामन टिळक, वय अठराच्या आसपास. इथं एक खुलासा. दोन गटांत बाया विचारत होत्या, हे लोकमान्य का? नव्हेत. हे कवी टिळक, फुलांमुलांचे कवी म्हणून ज्यांच्या कविता आपण शाळेत म्हटल्या ते. मनकर्णिकेची लक्ष्मी झाली. सासरे कडक. नवरा हुशार, मायाळू आणि तितकाच तापट. पैसा हातात टिकत नाही, नोकरी टिकत नाही. मनात आलं की घरातून निघून जायचे. बायको कधी बहिणीकडे, कधी भावाकडे. मुलं झाली, काही गेली. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म घेतला. बायको, लहानगा दत्तू आणि सगळे नातेवाईक एका बाजूला, टिळक दुसऱ्या बाजूला. चार-पाच वर्षं हा दुरावा राहिला. त्या काळात लक्ष्मीबाईंनी दुःखाच्या भरात कविता रचल्या. मग त्या नवऱ्याकडे राहायला गेल्या. लगेच धर्म बदलला नाही. आधी आपलं सोवळं सांभाळून वेगळी चूल मांडली. हळूहळू शिवाशिव मनातून उतरली आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

इथपर्यंत आलो आणि वादाला तोंड फुटलं. एका गटात तर बैठक रात्री साडेदहापर्यंत चालली.

तरण्या पोरींचं म्हणणं, एवढा छळ झाल्यावर गेलीच कशाला परत? आज असती तर पोटगीचा दावा लावला असता. वयस्कर बायांचं म्हणणं, मग जाणार कुठं? भावजयीच्या दारात जन्म काढायचा? तिथली भाकरी काय गोड असते? एक मावशी, ज्यांचा नवरा स्वतः सात वर्षं बेपत्ता होता, त्या आधी काहीच बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "नवरा परत आला तर दार उघड, एवढंच मला शिकवलं होतं. ही बाई दार उघडून स्वतः निघाली. आणि गेली तीसुद्धा आपल्या अटीवर, आपली चूल घेऊन. मला हे सुचलं नव्हतं." त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही.

दुसरा वाद टिळकांवरून. हा माणूस चांगला की वाईट? त्यांनीच बायकोला अक्षरं शिकवली, कविता करायला लावल्या, घरात दुसऱ्यांची पोरं सांभाळली. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी राहिले, लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखं पाहिलं. आणि याच माणसानं बायकोला पुन्हा पुन्हा वाऱ्यावर सोडलं. आमच्या सहयोगिनींमध्येही एकमत नाही. आमचं बहुमत असं की माणूस चांगला होता पण नवरा म्हणून अवघड होता, आणि चांगला आहे म्हणून त्याचं अवघडपण बायकोनं सोसायचं हा काही न्याय नाही. लक्ष्मीबाईंनी मात्र असा निवाडा दिलेला नाही. त्या सांगतात आणि पुढे जातात. बहुतेक वेळा हसत. त्या हसण्यावरही मतं पडली. एक ताई म्हणाली, "मला राग येतो. रडायच्या जागी ही हसते कशी?" तर आजींनी सांगितलं, "हसली म्हणून जगली."

आम्हाला जास्त भावलं ते वेगळंच. ही बाई शाळेत गेलेली नव्हती. जोडाक्षरं त्यांना शेवटपर्यंत धड जमली नाहीत, असं सांगतात. टिळक १९१९ साली वारले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे मोठं काव्य अर्धवट राहिलं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. आणि 'स्मृतिचित्रे' चार भागांत १९३४ पासून पुस्तकरूपानं आली, म्हणजे त्या पासष्टीच्या पुढे होत्या. १९३५ साली नाशिकमध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं त्यांचा सत्कार झाला. १९३६ च्या फेब्रुवारीत त्या इथं नाशिकलाच गेल्या. आमच्या गटात साठीच्या सात बाया अजून अंगठा उठवतात. हे ऐकल्यावर त्यातल्या दोघींनी पाटी मागितली. पाच म्हणाल्या, राहू दे गं आता.

आता कायद्याचं थोडं, कारण ते या गोष्टीला चिकटून आहे. मनकर्णिकेचं लग्न झालं तेव्हा अकरा वर्षांच्या मुलीच्या लग्नात बहुतेकांना काही गैर वाटत नव्हतं. मुंबईत रखमाबाईंनी मात्र, लहानपणी लागलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, असं कोर्टात सांगितलं. १८८७ मध्ये कोर्टानं नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला. तुरुंग चालेल म्हणाल्या. पुढे तडजोड झाली आणि त्या डॉक्टर झाल्या. बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीनं मेली, आणि १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. वय दहावरून बारा. फक्त दोन वर्षं वाढली, तरी केवढा गदारोळ. लोकमान्यांनीही विरोध केला, परक्या सरकारनं आमच्या घरात हात घालू नये म्हणून. १९२९ च्या सारडा कायद्यानं मुलीचं लग्नाचं वय चौदा केलं. १९७८ साली अठरा झालं. सध्याचा बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा. लग्न लावून देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गावात ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक, बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. १०९८ या नंबरवर कोणालाही फुकट फोन करता येतो, नाव सांगावं लागत नाही. तरीही २०१९ ते २०२१ च्या सरकारी पाहणीत आपल्या राज्यात वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर बायांमागे सुमारे बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. म्हणजे चौथी-पाचवी बाई. आपल्या गटात दहा-बारा जणी असतात. मोजून बघा.

हे आकडे आम्ही बैठकीत सांगितले त्याला कारण होतं. एका गटात पन्नास हजारांच्या अंतर्गत कर्जाचा अर्ज आला होता. कारणाच्या रकान्यात 'घरदुरुस्ती' लिहिलेलं. सगळ्यांना माहीत होतं की घराला काही झालेलं नाही, दहावी झालेल्या पोरीचं जमलं आहे. कोणी बोलत नव्हतं. आम्हीही बोललो नव्हतो, हे कबूल करतो. गट फुटेल, बाई बचत काढून नेईल, गावात नाव होईल, ही भीती आम्हालाही होती. अर्ज दोन बैठका नुसता वहीत पडून राहिला.

त्या रात्री मनकर्णिकेच्या लग्नाचा भाग वाचून झाला आणि त्या पोरीची आईच म्हणाली, "अकरा म्हणजे फारच लहान की. माझी तर सोळाची आहे." सगळ्या गप्प. आणि तिच्या सासूबाई, ज्या नेहमी कोपऱ्यात तंबाखू मळत बसतात, त्या म्हणाल्या, "मी तेराची होते. तू पंधराची होतीस. ती सोळाची. असं एकेक वर्ष पुढं सरकायला आपल्याला किती पिढ्या लागतील, मोज."

आई चिडली. पोरीला राखत कोण बसणार, तालुक्याच्या एसटीनं पोरगी कॉलेजला जाते तर लोक काय काय बोलतात, शिकलेल्या पोरीला हुंडा जास्त लागतो, पावसानं द्राक्षं फाटली तर पुढच्या वर्षी हे स्थळ थांबेल का, सगळं बोलली. खोटं त्यातलं काहीच नव्हतं. तिला कायदा ऐकवून गप्प करता आलं असतं, पण त्यानं एसटीतला त्रास थांबला नसता. म्हणून गटानं दोन ठराव केले. एक, अठराच्या आतल्या लग्नासाठी गटाचा पैसा जाणार नाही, कारण काहीही लिहिलेलं असो. दोन, तालुक्याला शिकायला जाणाऱ्या सगळ्या मुलींनी एकाच गाडीनं जायचं, आणि गटातली एक बाई आठवडाभर पाळीनं त्यांच्याबरोबर स्टँडपर्यंत. पहिला ठराव सात विरुद्ध चार मतांनी झाला. दुसऱ्याला कोणी नाही म्हटलं नाही.

अर्ज परत घेतला गेला. पोरगी सध्या अकरावीला जाते. स्थळ मोडलेलं नाही, 'बारावीनंतर बघू' असं ठरलं आहे. बारावीला ती अठराची होते की नाही, हे आम्ही तिच्या जन्मदाखल्यावर पाहून ठेवलं आहे. आई अजून आमच्याशी तुटक बोलते. बचत मात्र वेळेवर भरते.

'स्मृतिचित्रे'चे दोन भाग झाले, दोन राहिले. पुढच्या महिन्यापासून प्रत्येक गटानं वाचनाआधी एका आजीकडून जात्यावरची ओवी म्हणवून घ्यायची आणि मोबाइलवर साठवायची, असं ठरलं आहे. तंबाखू मळणाऱ्या सासूबाईंना आम्ही पहिला मान दिला. त्या म्हणाल्या, जातं असेल तरच म्हणेन, नुसती तोंडानं येत नाही. तेव्हा कोणाच्या गोठ्यात, परसात जुनं जातं पडलं असेल तर आपल्या सहयोगिनीला सांगा. खुंटा नसला तरी चालेल, आम्ही बसवून घेऊ.