लोकमान्य : एका नावाची किंमत

'लीडर म्हणून स्वतःचा पर्सनल ब्रँड कसा घडवायचा' असल्या ट्रेनिंगला आयटीतल्या प्रत्येकाला कधी ना कधी बसावं लागतं. फोटो कसा असावा, पोस्ट किती वाजता टाकावी, वगैरे. आपण आज अशा माणसाबद्दल बोलू, ज्याचं नावच लोकांनी बदलून टाकलं. बाळ गंगाधर टिळक, म्हणजे लोकमान्य.

पगडी, उपरणं, मिशा. तो फोटो आपण सगळ्यांनी शाळेच्या भिंतीवर पाहिलाय. पण चेहऱ्याच्या आधी लोकांपर्यंत त्यांचा आवाज पोचला होता, तोही छापील. १८८१ मध्ये चिपळूणकर, आगरकर आणि टिळक या मंडळींनी दोन पत्रं काढली, मराठीत 'केसरी' आणि इंग्रजीत 'मराठा'. गंमत म्हणजे 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर होते, टिळक 'मराठा' बघायचे. पुढे दोघांचं पटेना. १८८७ मध्ये आगरकर बाहेर पडले आणि 'केसरी' टिळकांकडे आला. एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असंही हे पत्र लोकांपर्यंत जायचं. पॉडकास्टच की!

आता खरी गोष्ट. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. नंतर मिशनऱ्यांनी पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं ठेवली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. कुणी चहा प्यायलं, कुणी नुसता कप हातात धरला. डॉ. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव, महा खट्याळ माणूस, त्यांनी सगळ्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून टाकली. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा! सनातन्यांनी प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत नेलं. टिळकांनी सांगितलं, मी काशीला प्रायश्चित्त घेतलंय. रानड्यांनीही १८९२ मध्ये घेतलं, तर त्यांच्याच बाजूचे सुधारक त्यांच्यावर चिडले. म्हणजे बघा, चहा एकच, पण दोघांचे 'फॉलोअर्स' वेगळे, त्यामुळे बिलही वेगळं आलं.

मला इथे एक गोष्ट खटकते. ज्यांच्या जिवावर तुमचं नाव मोठं होतं, ते हळूहळू तुमच्या बोलण्याची हद्दही आखू लागतात. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचंच घ्या. मुलींसाठीची मर्यादा दहावरून फक्त बारा वर्षं होणार होती. टिळकांनी जोरदार विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की सुधारणा समाजाने स्वतः करावी, परक्या सरकारने लादू नये. मुद्दा राजकारण म्हणून समजतो. पण त्याआधी थोड्याच काळापूर्वी बंगालमध्ये फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली होती. आगरकर 'सुधारक'मधून उलट बाजूने लिहीत होते आणि शिव्या खात होते. या एका बाबतीत मी आगरकरांच्या बाजूचा.

मग टिळकच 'लोकमान्य' कसे झाले? १८९३ पासूनचा सार्वजनिक गणेशोत्सव आणि मग शिवजयंती, हे आपण पाठच केलंय, म्हणून पुढे जाऊ. माझ्या मते उत्तर तुरुंगात आहे. १८९७ मध्ये 'केसरी'तल्या लेखनावरून राजद्रोहाचा खटला झाला. माफी मागून मोकळं व्हायचा सल्ला हितचिंतकांनी दिला, टिळकांनी तो मानला नाही. दीड वर्षाची शिक्षा झाली.

१९०८ मध्ये पुन्हा तेच. मुझफ्फरपूरच्या बाँबनंतरचे लेख, पुन्हा राजद्रोह, समोर न्यायमूर्ती दावर. टिळकांनी स्वतःच्या बचावाचं भाषण स्वतःच केलं, ते अनेक दिवस चाललं. ज्यूरीत सात विरुद्ध दोन. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा आणि हजार रुपये दंड. दुसऱ्या दिवसापासून मुंबईतले गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. लष्कराने गोळ्या झाडल्या, माणसं मेली. वर्षाला एक दिवस या हिशोबाने संप सहा दिवस चालला. पंचहौदच्या चहाचं या कामगारांना काय देणंघेणं असणार? त्यांतल्या कित्येकांनी टिळकांना पाहिलंही नसेल.

टिळक मंडालेला गेले. सहा वर्षं अग्रलेख नाही, सभा नाही. 'केसरी' न. चिं. केळकर वगैरेंनी चालू ठेवला. तिकडे कोठडीत टिळकांनी शिसपेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहून काढलं. जून १९१४ मध्ये पोलिसांनी त्यांना मध्यरात्री, गाजावाजा होऊ नये म्हणून, पुण्यात घरी आणून सोडलं. सकाळपर्यंत बातमी शहरभर झाली होती आणि गायकवाड वाड्याकडे माणसांची रीघ लागली.