सिमिलिपालचे काळे वाघ आणि जनुकीय पुनरुज्जीवन

ओडिशाच्या मयूरभंज जिल्ह्यातील सिमिलिपाल व्याघ्र प्रकल्पात काही वाघांचे काळे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले असतात. पिवळा रंग मधल्या फटींपुरताच उरतो. २०२२ च्या व्याघ्रगणनेत येथे नोंदल्या गेलेल्या १६ वाघांपैकी १० वाघ असे कृष्णवर्णी होते. पर्यटकांना त्यांचे अप्रूप वाटते. जीवशास्त्रज्ञांना मात्र त्यात एकाकी पडलेल्या कुळाची खूण दिसते.

रंगामागील कारण

बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील उमा रामकृष्णन आणि विनय सागर यांच्या चमूने २०२१ मध्ये या रंगाचा उलगडा केला. 'टॅकपेप' या जनुकात झालेला एकच बदल त्याला कारणीभूत आहे. बदललेले जनुक नर आणि मादी या दोघांकडूनही आले, तरच पिलू काळे होते. वाघांचा वावर विस्तीर्ण आणि मोकळा असेल तर असा योग क्वचितच येतो. सिमिलिपालमध्ये तो वारंवार येतो, कारण तेथील वाघ मोजक्याच पूर्वजांपासून वाढले असून बाहेरच्या वाघांशी त्यांचा संबंध तुटलेला आहे. हा रंग म्हणजे आजार नव्हे. परंतु ज्या वाटेने हे जनुक पसरले, त्याच वाटेने हानिकारक जनुकेही पसरू शकतात.

फ्लोरिडाचा धडा

त्याचे परिणाम अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने पाहिले आहेत. तेथील प्यूमा, अर्थात 'फ्लोरिडा पँथर', १९९० च्या दशकाच्या आरंभी २० ते ३० इतकेच उरले होते. निकटच्या नात्यांतील प्रजननामुळे हृदयाच्या पडद्याला छिद्र, अंडकोश खाली न उतरणे, निकृष्ट शुक्राणू आणि शेपटीला बाक असे दोष त्यांच्यात बळावले होते. केवळ संरक्षण देऊन हे दोष जाणार नव्हते. म्हणून १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडण्यात आल्या. त्यांपैकी पाच माद्यांना पिले झाली. संकरित पिढीत दोष घटले, पिले जगण्याचे प्रमाण वाढले आणि काही वर्षांतच एकूण संख्या सुमारे तिपटीवर गेली. पुढे टेक्सासच्या उरलेल्या माद्या तेथून हलवण्यात आल्या, जेणेकरून स्थानिक वंशाची ओळख पुसली जाऊ नये. या उपायास 'जनुकीय पुनरुज्जीवन' म्हणतात.

ताडोबाच्या लेकी

हाच विचार धरून २०२४ च्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी प्रकल्पातून 'जमुना' आणि 'झीनत' या दोन वाघिणी सिमिलिपालला नेण्यात आल्या. झीनतने मात्र नवे रान लगेच आपले मानले नाही. मुक्त केल्यावर ती झारखंडमार्गे पश्चिम बंगालमध्ये गेली. डिसेंबरच्या अखेरीस बांकुरा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून परत आणावे लागले. प्राणी नकाशावर हलवणे सोपे, त्याला रुजवणे कठीण, हे या प्रवासाने दाखवून दिले.

मर्यादा

या उपायाला पथ्ये आहेत. फार दूरच्या किंवा भिन्न हवामानातील प्राण्यांशी संकर झाल्यास स्थानिक परिस्थितीशी जुळलेले गुण हरवू शकतात. म्हणून दात्या समूहाची निवड जनुकीय चाचणीनंतरच करावी लागते. सिमिलिपालमध्ये आणखी एक पेच आहे. बाहेरचे रक्त मिसळले की काळ्या पिलांचे प्रमाण घटण्याचा संभव आहे. ज्या रंगामुळे हे रान जगाला ठाऊक झाले, तोच विरळ होऊ शकतो. रंग जपायचा की वंशाचे आरोग्य, असा प्रश्न आल्यास संवर्धनाचे उत्तर स्पष्ट असावयास हवे.

शिवाय, आणलेल्या वाघिणीने एक-दोन पिढ्यांचा प्रश्न सुटतो, कायमचा नव्हे. रस्ते, खाणी आणि शेतीने तुटलेले भ्रमणमार्ग पुन्हा जोडले गेले, तर वाघ स्वतःच्या पावलांनी नवे रक्त घेऊन येतील. तोपर्यंत हे काम माणसालाच करावे लागेल.