रेल्वेमार्ग बंद पडला की त्याच्या इंजिनांचं काय होतं?

एकलहरे म्हटलं की नाशिककरांना आठवतात औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या. पण याच भागात रेल्वेचा एक कारखाना आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. कर्षण मशीन कारखाना. विजेवर चालणाऱ्या इंजिनांची चाकं फिरवणाऱ्या मोटर, म्हणजे ट्रॅक्शन मोटर, इथं दुरुस्तीला येतात. भारतात मालगाड्या ओढणाऱ्या बहुतेक विद्युत इंजिनांना अशा सहा मोटर असतात, आणि एकेक मोटर काही टनांची असते.

जुन्या इंजिनांचं पुढं काय होतं, हे समजून घ्यायला ही मोटर उपयोगी पडते. कारण इंजिन एका फटक्यात मरत नाही, ते सुट्या भागांनी मरतं.

रेल्वेच्या हिशेबात प्रत्येक इंजिनाचं आयुष्य ठरलेलं असतं. वाफेच्या इंजिनाला 40 वर्षं, डिझेलला 36, विजेच्या इंजिनाला 35. वय झालं की लगेच भंगारात, असं नसतं. तपासणी होते, ते 'कंडम' ठरतं, चालू स्थितीतले भाग काढून दुसऱ्या इंजिनांसाठी ठेवले जातात. उरलेल्या सांगाड्याचा लिलाव होतो, जो आता ऑनलाइन असतो. घेणारा व्यापारी गॅस कटरनं तुकडे करून लोखंड आणि तांबं वेगळं करतो. संग्रहालयात किंवा स्टेशनबाहेरच्या चबुतऱ्यावर जागा मिळणारी इंजिनं अगदी थोडी.

पण काही वेळा इंजिन धडधाकट असतं आणि त्याचा मार्गच संपतो.

याचं जवळचं उदाहरण इगतपुरी. मुंबईकडून इगतपुरीपर्यंत 1930 पासून 1500 व्होल्टचा डीसी वीजप्रवाह होता. पुढं भुसावळच्या दिशेनं जी वीज आली ती 25 हजार व्होल्टची एसी. त्यामुळं गाडीचं इंजिन इगतपुरीला बदलावं लागायचं. 2006 पासून डीसी भाग टप्प्याटप्प्यानं एसी होत गेला आणि फक्त डीसीवर चालणारी इंजिनं बिनकामाची ठरली. रूळ तेच, घाट तोच, तारेतली वीज बदलली. दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिनं मात्र तगली. डीसीच्या पहिल्या पिढीतल्या, लांब नाकाच्या आणि 'खेकडा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इंजिनांपैकी एक आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे.

बार्शी लाईट : रूळ रुंद झाले, इंजिनं अडकली

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी रेल्वे सुरू केली. कमी वजनाचे रूळ, पण त्यावर जास्तीत जास्त माल, अशी त्याची कल्पना होती. इंजिनाचं वजन जास्त चाकांवर वाटून टाकलं की हलके रूळही पुरतात, हे त्याचं गणित. लीड्सच्या किटसन कंपनीनं बनवलेली इंजिनं आणि डबे भारतात पाठवण्याआधी तिथंच रूळ टाकून चालवून दाखवले गेले. पुढं हा मार्ग पंढरपूर, लातूर आणि 1927 मध्ये मिरजेपर्यंत गेला. वारीला जाणाऱ्या कितीतरी पिढ्यांनी याच गाडीतून पंढरपूर गाठलं.

1992 मध्ये रेल्वेनं 'युनिगेज' धोरण घेतलं, म्हणजे शक्यतो सगळीकडं ब्रॉडगेज. 2011 पर्यंत मिरज-लातूर मार्ग पूर्ण ब्रॉडगेज झाला. जुनी गाडी धाराशिव शहराला वळसा घालून जायची, नवी शहरातूनच जाते, म्हणजे लोकांचा फायदाच झाला. पण 762 मिलिमीटर रुळांसाठी बनलेलं इंजिन 1676 मिलिमीटरच्या रुळांवर चालू शकत नाही. दुसरा नॅरोगेज मार्ग असेल तर त्याला तिकडं नेता येतं. तसे मार्गच कमी होत गेले, आणि मग पुन्हा कटर.

गंमत म्हणजे कॅलथ्रॉपनं इंग्लंडमध्येही असाच एक मार्ग बांधला होता, लीक अँड मॅनिफोल्ड. तो 1904 ला सुरू झाला, 1934 ला बंद पडला. इंजिनं मोडीत निघाली, पण रुळांची जागा विकली गेली नाही. 1937 मध्ये तिथं पायवाट झाली आणि आज लोक तिथं चालतात, सायकल चालवतात.

शकुंतला

आपल्याकडं इतकं सरळ झालं नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही सुमारे 190 किलोमीटरची 'शकुंतला' वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदराकडं नेण्यासाठी बांधली गेली. मालकी किलिक निक्सनशी जोडलेल्या खासगी कंपनीची. देशातल्या बाकी रेल्वे सरकारच्या झाल्या, ही राहिली. गाडी सरकारी रेल्वे चालवायची आणि मोबदला कंपनीला द्यायची. दुसऱ्याच्या मालकीच्या मार्गावर पैसा घालायचा कुणी, हा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला. रूळ झिजले, वेग घटला. मँचेस्टरमध्ये 1921 ला बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत ही गाडी ओढत होतं. ठरलेल्या 40 वर्षांच्या जवळपास दुप्पट! त्यानंतर डिझेल आलं.

यवतमाळ बाजूची गाडी गेल्या दशकात थांबली. 2016 मध्ये ब्रॉडगेजसाठी सुमारे 1500 कोटी रुपयांची मंजुरी जाहीर झाली. जळगाव जिल्ह्यातल्या पाचोरा-जामनेर या 56 किलोमीटरच्या छोट्या गाडीचंही तसंच. 2020 च्या टाळेबंदीत ती थांबली आणि त्या रूपात परत आलीच नाही. तिच्या जागी बोदवडपर्यंत ब्रॉडगेज मंजूर झालं आहे. या दोन्ही गाड्यांचे प्रवासी होते शेतमजूर, विद्यार्थी, बाजाराला जाणारे लोक, ज्यांना बसच्या तिकिटापेक्षा रेल्वेचं तिकीट कितीतरी स्वस्त पडायचं.

विदर्भातल्या आणि आसपासच्या नॅरोगेजचा इतिहास बघायचा असेल, तर नागपूरच्या मोतीबाग इथलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय 2002 पासून सुरू आहे. तिथं वाफेची छोटी इंजिनं जवळून पाहता येतात.