उपवास आणि मेंदूचें अन्न

धाराशिव जिल्ह्यांतील भूम तालुक्यांत कुंथलगिरि हें दिगंबर जैनांचें सिद्धक्षेत्र आहे. कुलभूषण व देशभूषण या दोन मुनींचें निर्वाण येथें झालें, अशी परंपरा आहे. १९५५ सालीं, हा जिल्हा अद्याप हैदराबाद राज्यांत असतांना, आचार्य शांतिसागर यांनीं याच टेकडीवर सल्लेखना स्वीकारली. वय त्र्याऐंशीच्या घरांत गेलेलें. दृष्टि इतकी मंदावली होती कीं मुनिधर्माचे बारीक नियम पाळणें दुर्घट व्हावें. १४ ऑगस्ट रोजीं अन्न सुटलें आणि १८ सप्टेंबर रोजीं, म्हणजे छत्तिसाव्या दिवशीं, देह पडला.

सल्लेखनेच्या युक्तायुक्ततेचा वाद येथें उकरून काढण्याचा आमचा हेतु नाहीं. ती चिकित्सा नव्हे, एवढें मात्र आरंभींच सांगितलें पाहिजे. आमचें लक्ष वेधून घेतलें तें निराळ्याच गोष्टीनें. अनशनाच्या सव्विसाव्या दिवशीं, ८ सप्टेंबर रोजीं, आचार्यांनीं मराठींत अखेरचा उपदेश केला. तो सुमारें बावीस मिनिटें चालला, व ध्वनिमुद्रित करून ठेवलेला आहे. सव्वीस दिवस ज्याच्या पोटांत अन्न नाहीं, तो वृद्ध मनुष्य धर्मासारख्या विषयावर सुसंगत बोलतो, हें कसें? भाविक त्यास तपोबल म्हणतील, आणि म्हणोत बापडे. परंतु तपालाही देहाचेंच साधन लागतें.

मेंदूचें वजन देहाच्या पन्नासाव्या हिश्शाइतकें. पण स्वस्थ पडलेल्या देहास लागणाऱ्या शक्तीचा पांचवा हिस्सा तो एकटाच खातो. एरवीं त्याचें अन्न एकच, द्राक्षशर्करा. आणि ती दिवसाकांठीं शंभर ग्रॅमांहून अधिक लागते. यकृतांतील सांठा एका दिवसाच्या उपवासांत जवळजवळ संपतो. अंगांत चरबी पुष्कळ असली तरी तिचीं आम्लें जाळून मेंदूचें भागत नाहीं. तेव्हां स्नायु मोडून शर्करा करावयाची, हाच मार्ग उरतो. आणि त्या हिशेबानें माणूस दोन-तीन आठवड्यांतच संपावयास हवा. प्रत्यक्षांत तो त्याहून पुष्कळ अधिक काळ तग धरतो. जुन्या पाठ्यपुस्तकांचें गणित येथें जुळत नसे.

तें जुळविलें १९६७ सालीं बोस्टन येथील ओवेन, केहिल व त्यांचे सहकारी यांनीं. स्थौल्यावरील उपचार म्हणून पांच-सहा आठवडे निराहार राहिलेल्या तीन रुग्णांच्या मेंदूकडे जाणारें आणि मेंदूकडून परतणारें रक्त त्यांनीं ताडून पाहिलें. यकृत चरबीपासून कीटोन नांवाचीं द्रव्यें तयार करतें, हें पूर्वींच ठाऊक होतें; पण वैद्यांच्या लेखीं तीं मधुमेहाच्या विकोपाचीं चिन्हें, केवळ विषवत्. दीर्घ उपवासांत मेंदूच्या इंधनाचा निम्म्याहून मोठा भाग याच द्रव्यांनीं पुरविला जातो, असें आतां दिसून आलें. आचार्यांच्या देहांतही हेंच घडलें असलें पाहिजे, असें अनुमान करण्यास प्रत्यवाय नाहीं.

गंमत अशी कीं कारण कळण्यापूर्वींच उपाय हातीं आला होता. अपस्मारावर उपवास ही ग्रीक वैद्यांच्या काळापासूनची समजूत. १९२१ सालीं न्यूयॉर्कच्या गेलिन यांनीं उपवासानें झटके थांबतात असें जाहीर केलें. परंतु लेकराला उपाशी तरी किती दिवस ठेवणार? त्याच वर्षीं मेयो चिकित्सालयांतील वाइल्डर यांनीं युक्ति काढली : स्निग्ध पदार्थ भरपूर द्यावे, पिष्ट व शर्करा अत्यल्प द्यावी, म्हणजे न उपाशी राहतां उपवासाचें फळ पदरीं पडेल. १९३८ सालीं फेनिटोइनची गोळी आली आणि हा कष्टाचा आहार मागें पडला. पुढें १९९० नंतर तो पुन्हां वर आला. लंडनमध्यें मुलांवर केलेल्या प्रयोगाचा २००८ सालीं प्रसिद्ध झालेला निकाल त्याच्या बाजूनें लागला. मुंबई व दिल्ली येथेंही औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारांत तो मुलांना देण्यांत आला आहे.

आपल्या वैद्यकाशीं हें ताडून पाहण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं. चरकानें सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायांत लंघन आणि स्नेहन हे वेगळे उपक्रम मानले आहेत, आणि वातव्याधींत स्नेहनास अग्रस्थान दिलें आहे. वाइल्डरच्या ताटांत मात्र तोंडीं स्नेह आणि रक्तांत लंघन, असे दोन्ही एकत्र नांदतात. म्हणून हा आहार चरकानेंच सांगितला होता, असें कोणी म्हणूं लागल्यास तें आम्हांस मान्य नाहीं.

आतां आशा मेंदूच्या क्षयाच्या रोगांविषयीं आहे. अल्झायमरच्या स्मृतिभ्रंशांत मेंदूची शर्करा उचलण्याची शक्ति घटते, कीटोन उचलण्याची बरीचशी शाबूत राहते. तर्क सुंदर आहे. पुरावा तोकडा आहे. न्यूझीलंडमध्यें कंपवाताच्या ४७ रुग्णांवर आठ आठवडे केलेल्या प्रयोगांत (२०१८) कमी स्निग्धाचा आणि कीटोनजनक, दोन्ही आहारांनीं हालचाल सुधारली. दुसऱ्या गटांतील कांहींचा कंप व ताठरपणा मधूनमधून वाढलाही. तेथेंच अल्झायमरच्या २६ रुग्णांच्या प्रयोगांत (२०२१) रोजचा व्यवहार व समाधान सुधारलें, पण बुद्धीच्या परीक्षेंत निश्चित फरक दिसला नाहीं. रोग मागें हटल्याचें कोठेंही सिद्ध झालेलें नाहीं.

हें सांगावयाचें कारण असें कीं उपवास हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो. तुळजापुरच्या भवानीचें नवरात्र बसलें कीं घरोघरीं साबूदाण्याची खिचडी, वरईचा भात आणि बटाटे शिजतात. व्रत म्हणून तें योग्यच. पण साबूदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यानें कीटोन वाढण्याची गोष्टच नको. उलट कोणी हात कापणाऱ्या म्हाताऱ्यास रोग जाईल म्हणून निरंकार उपवास घडवील, तर तें अधिक वाईट. कंपवातांत व स्मृतिभ्रंशांत वजन बहुधा आपोआपच उतरत असतें, उपाशी ठेवल्यानें उरलेसुरले स्नायुही झिजतात. आणि इन्सुलिन चालू असलेल्या मधुमेह्याची शर्करा तर एका दिवसाच्या निराहारानेंही घातक पातळीखालीं जाऊं शकते. वाइल्डरचा आहारदेखील तराजूनें तोलून, रक्त तपासून, वैद्याच्या नजरेखालींच दिला जात असे, व आजही तसाच दिला जातो.