जाळीच्या दोन बाजू : बॅडमिंटनची कुळकथा

बॅडमिंटनचे कूळ शोधू पाहणाऱ्याला एकच जन्मगाव आणि एकच जन्मदाता सापडत नाही. पिसांचे शटल, ते मारण्याची हातातील बॅट, मध्ये बांधलेली जाळी, आखलेले कोर्ट आणि हारजीत ठरवणारे नियम ही या खेळाची पाच अंगे वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या काळी घडली असून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती एकत्र आली. त्यांतील नियमांचा धागा थेट पुण्याच्या लष्करी छावणीपर्यंत पोहोचतो. दोघांनी मिळून शटल हवेत टिकवून ठेवण्याच्या एका जुन्या करमणुकीचे, तेच शटल प्रतिपक्षाच्या हद्दीत पाडण्याच्या स्पर्धेत कसे रूपांतर झाले, हा या कुळकथेचा गाभा आहे. आणि नवशिक्याला सुरुवातीस शिकवल्या जाणाऱ्या अनेक गोष्टींचा उलगडा त्या रूपांतराच्या इतिहासातूनच होतो.

पिसे खोवलेली हलकी वस्तू जमिनीवर पडू न देता वारंवार उडवत राहण्याचे खेळ अनेक देशांत फार पूर्वीपासून आहेत. चीनमध्ये ‘ज्यॅन्झी’ नावाच्या खेळात हे काम पायाने करतात, तर जपानमध्ये नववर्षाच्या दिवसांत खेळल्या जाणाऱ्या ‘हानेत्सुकी’ या खेळात कठीण बीला पिसे लावून तयार केलेले शटल ‘हागोइता’ या लाकडी फळीने टोलवतात. इंग्लंडमध्ये या प्रकाराला ‘बॅटलडोर अँड शटलकॉक’ म्हणत. बॅटलडोर म्हणजे लाकडी चौकटीवर चर्मपत्र ताणून बसवलेली किंवा तातीने विणलेली लहान बॅट. फ्रेंच चित्रकार शार्दँ याने अठराव्या शतकात रंगवलेल्या एका प्रसिद्ध चित्रातील मुलीच्या हातांत बॅट आणि शटल दिसते, त्यावरून युरोपातील घराघरांत हा खेळ किती रुळला होता याची कल्पना येते. या सर्व प्रकारांत समोरचा खेळाडू हा जोडीदार असे. शटल किती वेळा टोलवले गेले याची गणती दोघांची मिळून होई आणि ते खाली पडले की दोघांचाही डाव संपे, त्यामुळे जाळी, सीमारेषा किंवा गुणफलक यांची गरजच नव्हती.

या जुन्या खेळाला नवे वळण देणारी पहिली गोष्ट होती एक दोरी. लंडनमधील आयझॅक स्प्रॅट या खेळण्यांच्या व्यापाऱ्याने 1860 मध्ये ‘बॅडमिंटन बॅटलडोर’ या नव्या खेळाविषयी एक पुस्तिका काढली होती; तिची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मात्र 1863 मध्ये ‘कॉर्नहिल मॅगझिन’ या इंग्रजी मासिकात आलेल्या एका लेखात बॅडमिंटनचे वर्णन आढळते, आणि त्यानुसार जमिनीपासून सुमारे पाच फूट उंचीवर बांधलेल्या दोरीच्या दोन्ही बाजूंना पक्ष करून खेळलेला बॅटलडोर म्हणजे बॅडमिंटन होय. खेळाला हे नाव ग्लॉस्टरशायर परगण्यातील ‘बॅडमिंटन हाउस’ या ब्यूफर्टच्या ड्यूक घराण्याच्या निवासस्थानावरून मिळाले असावे, असा सर्वसाधारण समज आहे. भारतातून परतलेल्या अधिकाऱ्यांनी 1873 मध्ये याच वाड्यातील एका मेजवानीत हा खेळ प्रथम खेळून दाखवला आणि तेव्हापासून ते नाव रूढ झाले, ही कथा अनेक पुस्तकांत येते. परंतु नाव त्यापूर्वी दहा वर्षे छापील मजकुरात आलेले असल्याने नामकरणापुरती ती कथा टिकत नाही. एवढे निश्चित म्हणता येते की 1860 च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये दोरी बांधलेली होती आणि पक्षही पडलेले होते.

पक्ष पडले की वाद उद्भवतात आणि वाद मिटवण्यासाठी नियम लागतात. ही गरज ज्या गावी प्रथम भागवली गेली ते गाव पुणे होते. खडकीची 1817 मधील लढाई आणि त्यापाठोपाठ झालेला पेशवाईचा अस्त यांनंतर पुण्यात इंग्रजांची कायमची छावणी उभी राहिली, मुंबई इलाख्याच्या सैन्याचे मुख्य ठाणे तेथे आले आणि पावसाळ्यात इलाख्याचे सरकारही तेथे मुक्कामाला येऊ लागले. हवा सौम्य, बंगल्यांभोवती मोकळी हिरवळ आणि लष्करी अधिकारी व त्यांच्या कुटुंबीयांना कामानंतर मिळणारा फावला वेळ, असे सगळेच अनुकूल असल्याने 1870 च्या दशकात हा खेळ या छावणीत इतका लोकप्रिय झाला की काही काळ त्याला ‘पूना’ याच नावाने ओळखले जाई. खेळाचे पहिले नियम येथेच 1873 मध्ये बांधले गेले, असे मानले जाते. केवळ गणतीच्या खेळात शटल पडले एवढे कळले तरी पुरते; स्पर्धेच्या खेळात मात्र ते कोणाच्या हद्दीत पडले, जाळीवरून गेले की खालून, पहिला फटका कोणी आणि कोठून मारायचा, गुण कोणाला द्यायचा, हे सारे आधी ठरलेले असावे लागते. करमणुकीचा खेळ क्रीडाप्रकार होतो तो या टप्प्यावर, आणि म्हणून या कुळकथेत पुण्याचे स्थान मानाचे आहे.

याच काळात दक्षिणेत या खेळाची एक सख्खी शाखा वाढत होती. तंजावरात 1850 च्या दशकात लोकरीच्या चेंडूने असाच खेळ खेळला जात असे आणि त्याचा संबंध तेथील राजघराण्याशी, म्हणजे मराठी भाषक भोसले घराण्याशी, जोडला जातो. वाऱ्यात किंवा ओलसर हवेत पिसांचे शटल निरुपयोगी ठरे, तेव्हा इंग्रज अधिकारीही लोकरीचा चेंडू पसंत करीत, त्यामुळे सुरुवातीला हे दोन खेळ आलटून पालटून खेळले जात. पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पिवळ्या लोकरीच्या चेंडूने, प्रत्येक बाजूस पाच खेळाडू घेऊन खेळला जाणारा तो प्रकार ‘बॉल बॅडमिंटन’ या नावाने दक्षिण भारतात आजही खेळला जातो.

भारतातील नोकरी संपवून मायदेशी परतणाऱ्या अधिकाऱ्यांनी हे नियम सोबत नेले आणि 1875 पर्यंत केंट परगण्यातील फोकस्टन येथे त्यांचा क्लब सुरू झाला. त्या वेळी प्रत्येक बाजूला एकापासून चारपर्यंत कितीही खेळाडू चालत. एकेरी आणि दुहेरी हेच प्रकार सर्वांत रंगतदार होतात, हे लवकरच अनुभवाने ठरले. शटलवर रबराचा थर देत आणि मोकळ्यावर खेळताना ते वाऱ्याने भरकटू नये म्हणून कधी कधी त्यात शिसे घालीत. पुण्याचे नियम इंग्लंडमध्ये 1887 पर्यंत चालले. त्या वर्षी बाथ येथील क्लबच्या हार्ट यांनी त्यांची फेररचना केली आणि 1890 मध्ये हार्ट व बॅग्नेल वाइल्ड यांनी त्यांत पुन्हा सुधारणा केल्या. इंग्लंडमधील क्लबांची मध्यवर्ती संघटना 1893 मध्ये पोर्ट्‌स्मथ येथे स्थापन झाली आणि तिने हे सुधारित नियम प्रसिद्ध केले. तिच्याच पुढाकाराने 1899 मध्ये पहिली ‘ऑल इंग्लंड’ स्पर्धा भरली. त्या पहिल्या स्पर्धेत पुरुष दुहेरी व महिला दुहेरी यांच्या बरोबरीने मिश्र दुहेरीचाही समावेश होता, तर एकेरीचे सामने पुढच्या वर्षी सुरू झाले. दिवाणखान्यांत आणि हिरवळींवर स्त्री-पुरुषांनी एकत्र खेळलेल्या खेळाचा हा वारसा बॅडमिंटनने कधीच सोडला नाही, आणि 1996 पासून ऑलिंपिकमध्येही मिश्र दुहेरीला पदक आहे.

कोर्टाच्या आकाराचा इतिहासही लक्षणीय आहे. आरंभीचे कोर्ट आयताकृती नव्हते. दोन्ही टोकांना रुंद आणि जाळीपाशी अरुंद, असा वाळूच्या घड्याळासारखा त्याचा आकार होता. मेजर वॉल्टर विंगफील्ड यांनी 1874 मध्ये ज्याचे पेटंट घेतले त्या लॉन टेनिसच्या कोर्टाचा आकारही असाच होता, यावरून हे दोन रॅकेट-खेळ एकाच दशकात आणि एकाच समाजात घडत होते हे स्पष्ट होते. टेनिसने 1877 च्या पहिल्या विंबल्डन स्पर्धेतच आयताकृती कोर्ट स्वीकारले. बॅडमिंटनने तो बदल 1901 मध्ये केला. आज कोर्टाची लांबी 13.40 मीटर, दुहेरीसाठी रुंदी 6.10 मीटर आणि एकेरीसाठी 5.18 मीटर असते. जाळीची उंची मध्यभागी 1.524 मीटर, म्हणजे बरोबर पाच फूट असते, आणि 1863 च्या त्या लेखातील दोरीही साधारण याच उंचीवर बांधलेली होती.

तथापि या खेळाला इतर सर्व रॅकेट-खेळांपासून वेगळे करते ते शटल. बुचाच्या अर्धगोलात पक्ष्यांची, बहुधा हंसकांची, 16 पिसे खोवून ते तयार होते आणि त्याचे वजन 4.74 ते 5.50 ग्रॅम असावे लागते. एका शटलसाठी एकाच बाजूच्या पंखांतील पिसे घेतात, कारण डाव्या व उजव्या पंखांतील पिसांचा बाक परस्परविरुद्ध असल्याने ती मिसळल्यास शटल नीट फिरत नाही. फटका बसताच जड बूच पुढे होते, पिसांचा शंकू मागे राहून हवेचा प्रचंड विरोध ओढवून घेतो आणि वेग झपाट्याने उतरतो. भारतीय खेळाडू सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी याच्या स्मॅशचा, म्हणजे उंचावरून खाली मारलेल्या जोरकस फटक्याचा, वेग 2023 मध्ये ताशी 565 किलोमीटर नोंदला गेला. हा वेग शटल रॅकेटपासून सुटतानाचा आहे, समोरच्या खेळाडूपर्यंत पोहोचताना त्याचा लहानसा अंशच उरतो. हवा उष्ण किंवा विरळ असली की शटल लांब जाते, म्हणून समुद्रकाठच्या मुंबईत योग्य ठरलेले शटल सुमारे 560 मीटर उंचीवरील पुण्यात किंचित वेगवान वाटू शकते आणि शटल निरनिराळ्या वेगश्रेणींत विकली जातात. शटलच्या वेगाची नियमबद्ध चाचणीही आहे : कोर्टाच्या मागील रेषेवरून खालून पूर्ण ताकदीने मारलेले शटल समोरच्या मागील रेषेच्या 530 ते 990 मिलिमीटर अलीकडे पडले, तर ते योग्य वेगाचे समजतात. वाऱ्याच्या झुळुकीलाही वश होणारे हे साधन मोकळ्या हिरवळीवर टिकणे कठीण होते, त्यामुळे इंग्लंडमध्ये हा खेळ सभागृहांत आणि लष्करी कवायतीच्या बंदिस्त दालनांत शिरला व तेथेच स्थिरावला.

नवशिक्याचे पहिले धडे या इतिहासाच्या प्रकाशात पाहिले की त्यांची संगती लागते. टेनिसमध्ये सर्व्हिस, म्हणजे खेळ सुरू करणारा पहिला फटका, हे आक्रमणाचे अस्त्र आहे. बॅडमिंटनमध्ये ती खालून वर जाणाऱ्या दिशेनेच करावी लागते, पूर्वी ती कमरेखालून करण्याचा नियम होता आणि 2018 पासून शटल जमिनीपासून 1.15 मीटर उंचीच्या खाली असताना मारण्याचा दंडक आला. परिणामी सर्व्हिस हा फेरी, म्हणजे एका गुणासाठीची फटक्यांची देवाणघेवाण, सुरू करून देणारा फटका ठरतो आणि पहिला हल्ला करण्याची संधी बहुधा समोरच्याला मिळते. म्हणूनच प्रशिक्षक प्रथम जाळीला लागून जाणारी आखूड सर्व्हिस आणि मागील रेषेजवळ सरळ खाली उतरणारी उंच सर्व्हिस घोटून घेतात. गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळण्याची जुनी पद्धत 2006 मध्ये जाऊन प्रत्येक फेरीला गुण आणि 21 गुणांचा डाव अशी पद्धत आली, तेव्हापासून तर सर्व्हिसमधील चुकीची किंमत तत्काळ मोजावी लागते.

रॅकेटची पकड हा दुसरा धडा. फोरहँडसाठी, म्हणजे रॅकेटच्या हाताच्या बाजूने येणारे शटल मारण्यासाठी, मूठ हस्तांदोलन केल्याप्रमाणे धरतात, आणि बॅकहँडसाठी, म्हणजे विरुद्ध बाजूच्या फटक्यासाठी, अंगठा मुठीच्या रुंद बाजूवर टेकवतात. दोन्ही पकडी सैल ठेवून फटक्याच्या क्षणीच आवळायच्या असतात, कारण हलके शटल वेगाने परतवण्यासाठी खांद्याच्या ताकदीपेक्षा हाताची वळवण आणि बोटांची आवळण अधिक उपयोगी पडते. जड लाकडी रॅकेटांच्या काळातही हे तत्त्व होते. कार्बन तंतूंच्या आजच्या हलक्या रॅकेटांनी त्याला पूर्ण वाव दिला. तिसरा धडा पदलालित्याचा असून प्रत्येक फटक्यानंतर कोर्टाच्या मध्याकडे परतणे हे त्याचे सूत्र आहे. शटल जमिनीला टेकण्यापूर्वीच मारायचे असल्याने उसळीची वाट पाहण्याची सोय या खेळात नाही, आणि प्रतिस्पर्धी क्लिअर या मागे जाणाऱ्या उंच फटक्याने व ड्रॉप या जाळीमागे अलगद पडणाऱ्या फटक्याने चारही कोपऱ्यांत पळवणार, हे गृहीत धरूनच उभे राहावे लागते.

खेळाचा पुढचा प्रवास जगभर झाला. आंतरराष्ट्रीय महासंघ 1934 मध्ये स्थापन झाला, भारतीय संघटनाही त्याच वर्षी अस्तित्वात आली, आणि 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनला प्रथम पदकांचा दर्जा मिळाला. ज्या प्रदेशात पहिले नियम घडले त्याने खेळाडूही दिले. पुण्याचे क्रिकेटपटू प्रा. दि. ब. देवधर यांच्या सुंदर, सुमन आणि तारा या तिन्ही कन्यांनी बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर 1956 मध्ये क्वालालंपूर येथे सेलंगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले आणि 1961 मध्ये अर्जुन पुरस्काराच्या पहिल्या मानकऱ्यांत त्यांचा समावेश झाला. प्रकाश पदुकोण यांनी 1980 मध्ये आणि पुल्लेला गोपीचंद यांनी 2001 मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली, आणि 2022 मध्ये भारतीय पुरुष संघाने थॉमस चषक ही सांघिक स्पर्धा प्रथमच जिंकली, त्या संघात मुंबईचा चिराग शेट्टी होता.

या सर्व पुराव्यांचा साकल्याने विचार करता पुण्याला बॅडमिंटनचे जन्मस्थान म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण शटल आणि बॅट त्याच्या कितीतरी आधीची आहेत, आणि दोरीही इंग्लंडमध्ये आधीच बांधली गेली होती. परंतु कोणताही खेळ साधनांनी जितका घडतो त्याहून अधिक तो नियमांनी घडतो, आणि ते काम प्रथम पुण्यात झाले. महाराष्ट्रातील क्लबांनी आणि प्रशिक्षणवर्गांनी सर्व्हिस व पकड यांच्या धड्यांबरोबर हा इतिहासही नव्या खेळाडूंना सांगायला हवा. आपण पाळतो ते नियम कोठून आले हे ज्याला ठाऊक असते, तो ते अधिक समजून आणि अधिक आदराने पाळतो.