सरकारी अनुबोधपटांचे एक पर्व

१४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री दिल्लीत सत्तांतराचा जो सोहळा झाला, त्याचे चित्रण करण्यासाठी भारत सरकारपाशी स्वतःचे एकही चित्रपथक नव्हते. युद्धकाळात १९४३ साली स्थापन झालेली ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ ही संस्था १९४६ मध्ये बंद करण्यात आली होती. परक्या सरकारच्या युद्धप्रचारासाठी भारतीयांचा पैसा का खर्चावा, हा मध्यवर्ती विधिमंडळातील सभासदांचा आक्षेप न्याय्यच होता. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, एका राष्ट्राच्या जन्मक्षणाची जी हलती चित्रे आज उपलब्ध आहेत, ती बव्हंशी खाजगी चित्रकारांच्या आणि परदेशी वृत्तसंस्थांच्या कृपेने. त्याच्या अर्धशतक आधी, १८९९ मध्ये, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा या मुंबईच्या छायाचित्रकाराने विलायतेहून कॅमेरा मागवून हँगिंग गार्डनमधील कुस्तीचा सामना टिपला होता. केंब्रिजची सीनियर रँग्लर ही पदवी मिळवून परतलेल्या रघुनाथराव परांजप्यांचे स्वागतही त्यांनी १९०१ मध्ये चित्रित केले होते. एका गृहस्थाने स्वतःच्या हौसेने जे साधले, ते राज्ययंत्रणेला ऐन वेळी साधता आले नाही.

ही उणीव भरून काढण्याच्या निश्चयानेच १९४८ साली फिल्म्स डिव्हिजनचा जन्म झाला. मुंबई हे तिचे मुख्य ठाणे. परवानाधारक चित्रपटगृहाने प्रत्येक खेळाच्या आधी सरकारमान्य वार्तापट किंवा अनुबोधपट दाखवलाच पाहिजे, असा दंडक घालण्यात आला आणि त्यासाठी चित्रपटगृहांच्या मालकांकडून भाडेही घेतले जाई. अशा रीतीने जगातील फारच थोड्या निर्मात्यांच्या वाट्याला येणारा प्रेक्षकवर्ग या संस्थेला आयताच लाभला. धरणे, पोलादाचे कारखाने, हातमाग, कुटुंबनियोजन, भाताची जपानी लागवड असे नाना विषय तिने हाताळले. बोलपट सुरू होईपर्यंत बाहेर विडी ओढत थांबणारा प्रेक्षकही तितकाच नियमित होता, हेही सांगायला हवे.

हा कंटाळा विषयांमुळे येत नसे. दोष होता निवेदकाचा. म्हणजे त्या बिचाऱ्या माणसाचा नव्हे, तर त्याला दिलेल्या स्थानाचा. पडद्यावर शेतकरी दिसे, त्याचे ओठही हलत, परंतु ऐकू येई तो एक भारदस्त, सुसंस्कृत आवाज. शेतकऱ्याला काय हवे आहे, तो किती सुखी झाला आहे, हे तो आवाजच परस्पर सांगून टाकी. सरकारी कचेरीत अर्जदार बाहेरच्या बाकावर बसलेला असतो आणि आत त्याच्या प्रकरणावर टिपण लिहिले जाते, त्यातलाच हा प्रकार. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे नाही. अवजड ध्वनियंत्रे आणि अनेक भाषांतील आवृत्त्यांची गरज यांमुळे निवेदन सोयीचे पडे. पण सोयीचे रूपांतर हळूहळू सवयीत झाले आणि सवयीचे धोरणात.

ही सवय मोडली ती १९६५ नंतर. श्रीमती इंदिरा गांधी त्या वेळी माहिती व नभोवाणी मंत्री होत्या. पूर्वी फिल्म्स डिव्हिजनमध्ये काम करून पॅरिसला युनेस्कोत गेलेले जाँ भावनगरी यांना सल्लागार म्हणून परत बोलावण्यात आले. भावनगरी दोन-तीन वर्षेच येथे होते. तेवढ्या अवधीत त्यांनी जे केले, ते वरवर पाहता क्षुल्लक वाटेल: संस्थेत आधीपासून असलेल्या तरुण दिग्दर्शकांना त्यांनी थोडे मोकळे सोडले आणि बाहेरच्या कलावंतांना दार उघडून दिले. काळही तसाच होता. १९६२ चा पराभव, १९६४ मध्ये नेहरूंचे निधन, १९६५ चे युद्ध, लागोपाठ दोन वर्षांचे अवर्षण, १९६६ मधील रुपयाचे अवमूल्यन आणि १९६७ च्या निवडणुकीत अनेक राज्यांत सत्ताधारी पक्षाचा झालेला पाडाव. स्वातंत्र्याला वीस वर्षे पूर्ण होत असताना केवळ जयघोष करणारा पट काढणे शक्य होते. पण त्यावर विश्वास कोणी ठेवला असता?

एस. एन. एस. शास्त्री यांचा ‘आय ॲम ट्वेंटी’ हा १९६७ चा पट या सर्वांत प्रथम पाहावा. अवघ्या वीस मिनिटांच्या आसपासचा हा कृष्णधवल पट आहे. त्याची कल्पना इतकी साधी आहे की ती आधी कोणाला कशी सुचली नाही याचे नवल वाटते. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेली, म्हणजे देशाएवढेच वय असलेली मुले-मुली शोधायची आणि त्यांना बोलू द्यायचे. कोणी शहरात शिकलेला, सफाईने इंग्रजी बोलणारा. कोणी खेड्यातला, ज्याला स्वातंत्र्य हा शब्दच दूरचा वाटतो. एकाला देश पायाखाली घालण्याची उत्कट हौस, तर दुसऱ्याला नोकरीची विवंचना. देशप्रेमाविषयी विचारले असता एक जण असे कोरडे, कडू उत्तर देतो की, सरकारी शिक्क्याच्या पटात ते राहिलेच कसे, असा प्रश्न पडावा. शास्त्री त्यावर मल्लिनाथी करीत नाहीत. एका उत्तराला दुसरे उत्तर भिडवायचे आणि निवाडा पाहणाऱ्यावर सोपवायचा, एवढेच ते करतात. या पटाचे सामर्थ्य त्या मुलांच्या चेहऱ्यांत आहे. प्रश्न ऐकल्यापासून उत्तर सुचेपर्यंतचा जो क्षणभराचा अवकाश असतो, तो कागदावरच्या कोणत्याही साधनात सापडत नाही. म्हणूनच १९६७ चा इतिहास लिहिणाऱ्याने त्या वर्षीच्या अहवालांबरोबर हा पटही साधन म्हणून वापरला पाहिजे.

त्याच वर्षाचा दुसरा पट म्हणजे एस. सुखदेव यांचा ‘इंडिया ६७’. सुखदेव संस्थेचे नोकर नव्हते. पॉल झिल्स या जर्मन अनुबोधपटकाराच्या हाताखाली ते तयार झाले होते. सुमारे तासाभराच्या या रंगीत पटात निवेदनाचा एक शब्दही नाही. राजस्थानच्या वाळवंटापासून महानगरांच्या गर्दीपर्यंत कॅमेरा हिंडतो आणि बैलगाडी, यंत्र, देवालय, मिरवणूक, भूक, नाच यांची नुसती सरमिसळ करीत जातो. श्रीमंती आणि दारिद्र्य यांचे विरोध सुखदेव जरा जोरातच ठोकतात. सत्यजित राय यांनाही या ढोबळ विरोधांपेक्षा तापल्या वाळूवरून सरपटणारा काळा किडा आणि वादकाच्या नाकाच्या शेंड्यावर लोंबणारा घामाचा थेंब असले बारकावेच अधिक मोलाचे वाटले होते. तो अभिप्राय ध्यानात ठेवून पट पाहिला, तर त्याची खरी श्रीमंती हाती लागते.

के. एस. चारी आणि टी. ए. अब्राहम यांचा ‘फेस टू फेस’ हाही १९६७ चाच. यात प्रश्न लोकशाहीविषयीचा आहे आणि उत्तरे सामान्य माणसांची. मकबूल फिदा हुसेन यांच्या ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ची जात मात्र निराळी. छत्री, कंदील, जोडा असल्या वस्तूंमधून राजस्थान पाहणारे ते चित्रकाराचे टिपणवहीतले काम आहे. १९६७ च्या बर्लिन महोत्सवात लघुपटांसाठीचे सुवर्ण अस्वल त्याने मिळवले. प्रमोद पती यांचा ‘एक्सप्लोरर’ तर सात मिनिटांचा प्रतिमांचा भडिमार आहे. तो सर्वांना रुचेलच असे नाही. फली बिलिमोरिया यांचा ‘द हाउस दॅट आनंदा बिल्ट’ हा १९६८ चा पट या मंडळींइतका धीट नाही. एका ओरिसावासी शेतकऱ्याचे घर आणि निरनिराळ्या वाटांनी गेलेली त्याची मुले, एवढाच त्याचा पसारा. परंतु त्यातील जिव्हाळ्याला तोड नाही आणि ऑस्कर पारितोषिकासाठी त्याचे नामांकन झाले, ते उगीच नव्हे.

हे पर्व टिकले नाही. भावनगरी पॅरिसला परतले. १९७५ मध्ये आणीबाणी आली तेव्हा हीच यंत्रणा वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचाराला जुंपण्यात आली. एका व्यक्तीच्या मर्जीवर जे मिळाले, ते नियमात उतरले नव्हते. त्यामुळे ते काढून घेण्यासाठी नियम बदलण्याचीही गरज पडली नाही. इंदिराबाईंच्या मंत्रिपदाच्या काळात ज्या खात्याचा बांध फुटला, त्याच खात्याचे तोंड त्यांच्याच पंतप्रधानपदाच्या काळात बंद झाले, ही गोष्ट इतिहासकाराला सोयीस्करपणे विसरता येणार नाही. पुढे प्रश्न विचारणाऱ्या अनुबोधपटाचे कार्य आनंद पटवर्धनांसारख्या स्वतंत्र दिग्दर्शकांनी सरकारबाहेर राहून चालवले आणि त्यांना प्रदर्शनाच्या हक्कासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली.

फिल्म्स डिव्हिजन ही संस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. पेडर रोडवरील तिच्या आवारात गुलशन महाल या जुन्या वास्तूत २०१९ पासून भारतीय चित्रपटांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे, आणि ‘आय ॲम ट्वेंटी’सह तिचे कित्येक पट आता घरबसल्या महाजालावर पाहता येतात. ते पाहू इच्छिणाऱ्याने आरंभी पन्नाशीच्या दशकातला एखादा धरणावरचा किंवा पंचवार्षिक योजनेवरचा पट निवेदनासह, न कंटाळता, शेवटपर्यंत पाहावा. मग लागलीच शास्त्रींचा पट लावावा. त्यातली ती मुले आज ऐंशीच्या घरात आली आहेत.